आधी कॅज्युअल्टी बघा, मग इमारत

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत पसंतीक्रमाचा फॉर्म उघडतो आणि घरादाराची झोप उडते. एक नंबरला कुठलं कॉलेज टाकायचं, दोन नंबरला कुठलं? मुलगी म्हणते, "मला मुंबईलाच जायचंय." बाप म्हणतो, "आधी फी किती ते बघ." आई म्हणते, "घराजवळ मिळतंय तर लांब कशाला?" मामा फोनवरून सांगतो, "पैशांचं बघू पुढे, सीट तेवढी सोडू नका." चौघंही कळकळीनं बोलतात आणि चौघांचंही गणित अर्धवट असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॉलेज निवडताना मुलांचा हुरूप हा पोरखेळ नाही. साडेपाच वर्षं जिथे घालवायची तिथे जाण्याची ओढ असायलाच हवी. ओढ नसलेलं पोर पहिल्याच वर्षी ॲनाटॉमीच्या ओझ्याखाली कोलमडतं, हे प्रत्येक शिक्षकानं पाहिलेलं आहे. पण हा हुरूप कशाचा आहे, हे मुलांनी स्वतःला विचारायला हवं. काचेच्या इमारतीचा, एसी लेक्चर हॉलचा, स्विमिंग पूलचा? की पेशंटचा? पेशंटचा असेल तर आपल्या राज्यात एक भाग्याची गोष्ट आहे. तो हुरूप जिथे पोटभर मिळतो, तिथेच फी सर्वांत कमी आहे.

एवढी सोयीची गोष्ट असूनही दरवर्षी कित्येक घरं उलटी वाट धरतात, याचा मला राग येतो. हा राग मुलांवर नाही. त्यांना खरं गणित कुणी मांडूनच दाखवत नाही, त्याचा आहे.

आता मांडू.

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात. इंटर्नशिपचं वर्ष सोडून साडेचार वर्षांचे सहा-सात लाख, वर हॉस्टेल आणि मेस. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. बहुतेक ठिकाणी ती सात-आठ लाखांपासून पुढे जाते, आणि व्यवस्थापन कोट्यातून त्याच वर्गातल्या त्याच बाकाचे कित्येक पट पैसे मोजावे लागतात. अभिमत विद्यापीठं या प्राधिकरणाच्या कक्षेतच येत नाहीत. तिथे वर्षाला वीस-पंचवीस लाख हा आकडा आता कुणाला दचकवतही नाही. साडेचार वर्षांचा हिशेब हॉस्टेलसकट कोटीच्या वर जातो.

हा फरक प्रवेशाच्या दारातच दिसतो. केंद्राच्या समुपदेशन प्रक्रियेत अखिल भारतीय कोट्यातल्या सरकारी जागेसाठी खुल्या प्रवर्गाची अनामत १० हजार रुपये. अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख. ज्याच्या हातात आज दोन लाख रोख नाहीत त्याचं नाव तिथे यादीतसुद्धा येत नाही.

"कर्ज काढू की," असं मामा म्हणतो. काढा. पण हप्ता काढून बघा. पन्नास लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १५ वर्षांची परतफेड धरली तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे ५३ हजार ७०० रुपये. पन्नास लाखांचे जवळजवळ ९७ लाख फेडावे लागतात, आणि शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. आता दुसरा आकडा. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रावरच्या गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याचं सुरुवातीचं मूळ वेतन ५६ हजार १०० रुपये आहे. हे दोन आकडे एकाखाली एक लिहा आणि फॉर्म भरणाऱ्या मुलीला दाखवा. मूळ पगारातून हप्ता वजा केला तर हातात राहतात २ हजार ४००. भत्ते धरले तरी या कर्जावर शिकलेली मुलगी मनात कितीही असलं तरी सरकारी नोकरीत खेड्यात जाऊ शकत नाही. अठराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयानं तिशीतल्या बाईची वाट बंद केलेली असते.

फी भरताना खर्च फक्त बापाच्या खात्यातून होत नाही. मुलीच्या पुढच्या आयुष्यातला "नाही" म्हणण्याचा हक्कही त्यात खर्च होतो. "मला कॉर्पोरेट हॉस्पिटलचं टार्गेट नको." "मला हे नको असलेलं ऑपरेशन सुचवायचं नाही." "मला दोन वर्षं संशोधन करायचंय." "मला गावी जायचंय." यातलं प्रत्येक वाक्य बिनकर्जाचा डॉक्टर ताठ मानेनं बोलू शकतो.

शिवाय एमबीबीएस हा मुक्काम नाही. पुढे पीजी आहे. खासगीत चांगल्या शाखेच्या पीजी जागेची फी बघितली तर एमबीबीएसची फी परवडली म्हणायची वेळ येते. घरात जो काही पैसा आहे तो पहिल्याच टप्प्यात संपवणाऱ्या कुटुंबांची पीजीच्या वेळी जी ओढाताण होते ती बघवत नाही.

"पण पैसे जास्त घेतात म्हणजे शिकवतही चांगलं असतील," हा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय. त्याला तिथल्या तिथे उपटायला हवं. महाराष्ट्रातली सरकारी, महापालिकेची आणि खासगी कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९९८ पासून त्यांची परीक्षा एक, पेपर एक, पदवी एक. अभिमत विद्यापीठं आपली परीक्षा आपण घेतात, पण नोंदणी तीच, डॉक्टर तोच. पोटात कळ घेऊन आलेला पेशंट तुमच्या कॉलेजचा कॅम्पस किती एकरांचा होता हे विचारत नाही.

मग कॉलेजा-कॉलेजांत फरक कशाचा असतो? पेशंटचा. आणि तो पेशंट दाखवून शिकवणाऱ्या शिक्षकाचा. बाकी सगळं पुस्तकात आहे आणि पुस्तकं सगळीकडे सारखीच मिळतात.

जिल्ह्याच्या एखाद्या जुन्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत पावसाळ्यातल्या रात्री अकरा वाजता जाऊन उभं राहा. शेतात साप चावलेला माणूस जीपमधून आणलेला असतो, पायाला दोरी करकचून बांधलेली. नातेवाईक एकाच वेळी पाच जण बोलतात. इंटर्न आधी ती दोरी बघते, श्वास बघते, पापण्या जड झाल्यात का ते बघते. मग कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलीलीटर रक्त घेते आणि नळी उभी ठेवून देते. वीस मिनिटं तिला हलवायचं नाही. वीस मिनिटं झाली की नळी आडवी करायची. रक्त गोठलेलं असेल तर एक श्वास सोडायचा. पातळ रक्त नळीत घरंगळलं तर विष रक्तात भिनलंय आणि सर्पविषरोधक लसीच्या कुप्या फोडायला घ्यायच्या. या चाचणीला यंत्र लागत नाही, महागडी लॅब लागत नाही. एक काचेची नळी, एक घड्याळ आणि डोकं ठिकाणावर असलेली एक मुलगी लागते. चोविसाव्या वर्षी तिच्या हातात एका माणसाचा जीव असतो आणि पहाटेपर्यंत तो वाचलेला असतो. यापेक्षा मोठा हुरूप कुठल्या स्विमिंग पुलात आहे?

मुंबईच्या केईएममध्ये जायला पोरं जीव टाकतात ती इमारतीसाठी नाही. तिथलं सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ साली उभं राहिलं तेच एका जिद्दीतून: देणगीदारांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली भारतीय डॉक्टरांनी दुय्यम राहायचं, अशा काळात ही अट घातली गेली. आज तिथे दरवर्षी २५० मुलं घेतात आणि ओपीडीच्या रांगेत सगळा देश उभा असतो. जे आजार खासगी कॉलेजच्या विद्यार्थ्यानं फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिलेले असतात ते इथे सकाळच्या राऊंडला एकापाठोपाठ एक दिसतात. भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून, पुण्याचं बी. जे. मेडिकल १९४६ पासून, नागपूरचं सरकारी मेडिकल १९४७ पासून हेच करत आलंय.

नागपूरचं नाव आलंच आहे तर थोडं थांबू.

हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या खेड्यात गरिबीत वाढले, मिळेल ती कामं करत शिकले आणि नागपूरच्या सरकारी मेडिकलमधून डॉक्टर झाले. कोकणात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे लाल विंचू चावून माणसं मरत होती, मुलं मरत होती. हा तरुण डॉक्टर त्या पेशंटच्या उशाशी रात्ररात्र बसला, नाडी, रक्तदाब, श्वास लिहीत गेला. पुढे पुण्यात एमडी करूनही तो कोकणातच परतला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध या विंचूदंशावर चालतं हे जगाला दाखवून दिलं. त्याचं काम 'लॅन्सेट'नं छापलं. विंचूदंशाच्या उपचाराची जगाची दिशा कोकणातून बदलली.

अभय बंग आणि राणी बंग याच नागपूरच्या कॉलेजचे. गडचिरोलीतल्या खेड्यांत बायकांच्या आजारांवर त्यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. नवजात बाळांना घरच्या घरी कसं वाचवायचं याचा अभ्यास १९९९ मध्ये तिथेच आला. मेळघाटात बैरागडला आयुष्य काढणारे रवींद्र कोल्हेही याच कॉलेजचे.

हे सगळे मोठे झाले ते स्वतःच्या बुद्धीनं आणि कष्टानं, कॉलेजच्या पाटीमुळे नव्हे. पण यांच्या डोक्यावर कोटभर रुपयांचं कर्ज असतं तर? बिरवाडीला, गडचिरोलीला, बैरागडला जाणं त्यांना शक्य झालं असतं का? स्वस्त शिक्षणानं त्यांना वेड घेण्याची मोकळीक दिली. वेड घेण्याची मोकळीक हीच सरकारी सीटची खरी किंमत आहे. बाजारात ती कुठेच विकत मिळत नाही.

आता दुसरी बाजू. सरकारी म्हणजे डोळे मिटून उत्तम, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं मुलांशी बेइमानी होईल.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. ९०० जागा वाढल्या, आनंदच आहे. गडचिरोलीत मेडिकल कॉलेज व्हावं ही किती जुनी गरज होती. पण जागा एका आदेशानं वाढतात, प्राध्यापक तसे वाढत नाहीत. ॲनाटॉमीचा शिक्षक तयार व्हायला दहा वर्षं लागतात. नवीन कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी हे जाणून जावं. पहिल्या काही बॅचना स्वतःच्या हिमतीवर शिकावं लागणार आहे. ज्याला त्यातच हुरूप वाटतो, नव्या ठिकाणी पहिल्या बॅचचा मान हवा असतो, त्यानं जरूर जावं. पण जुन्या सरकारी कॉलेजची सीट तीनशे किलोमीटरवर मिळत असताना केवळ घराजवळ म्हणून नवं कॉलेज निवडू नये.

हे घराजवळचं प्रकरण मुलींच्या बाबतीत तर फारच चीड आणणारं आहे. मुलाला लातूरहून मुंबईला पाठवताना घर पेढे वाटतं. मुलीला त्याहून चांगले मार्क असताना "हॉस्टेलला नको, इथलंच बघू" म्हणून दहा पट फीचं घराजवळचं खासगी कॉलेज घेतलं जातं. यात पैसाही जातो आणि मुलीचा हुरूपही. काळजी मला कळते. कोलकात्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीचं जे झालं त्यानंतर कुठल्या आईचा जीव खालीवर होणार नाही? त्यावर उपाय एकच: हॉस्टेलचं दार, रात्रीचा रस्ता, ड्यूटी रूमची कडी हे सगळं प्रत्यक्ष जाऊन बघा आणि प्रशासनाला जाब विचारा. मुलीचा पसंतीक्रम कापणं हा उपाय नाही.

आणि पैशांचं म्हणाल तर २०२४-२५ पासून राज्य सरकारनं वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना ती लागू होते. अभिमत विद्यापीठं मात्र त्यातून वगळलेली आहेत. हा एक नियम नीट वाचला तर कित्येक घरांचा फॉर्म बदलेल. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर फॉर्म भरणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

खासगी म्हणजे सगळं वाईट, असंही नाही. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये काढलं. तिथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, खादी घालते, आणि पेशंटची गर्दी विचारू नका. तमिळनाडूतलं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज खासगी असूनही फी माफक आणि शिक्षण देशात नावाजलेलं. पुण्याचं सशस्त्र दलांचं एएफएमसी खासगी नाही, पण ही वेगळी वाटही लक्षात ठेवा; ते १९४८ पासूनचं. तिथे शिक्षण शुल्क नाही, पण पुढे लष्करात सेवेची बांधिलकी आहे. गणवेशाचा हुरूप असणाऱ्याला यापेक्षा चांगला सौदा नाही. ग्रामीण भागातल्या काही ट्रस्टच्या रुग्णालयांत खाटा खरोखर भरलेल्या असतात आणि शिक्षक जीव ओतून शिकवतात. अशी कॉलेजं शोधायला हवीत. जाहिरातीत ती सापडणार नाहीत.

कारण जाहिरातीत सगळ्यांच्याच खाटा भरलेल्या असतात. २०२५ मध्ये सीबीआयनं मेडिकल कॉलेजांच्या तपासण्यांतल्या लाचखोरीचा गुन्हा नोंदवला. त्यात आरोप काय आहेत? कागदोपत्री प्राध्यापक, तपासणीपुरते उभे केलेले खोटे रुग्ण. खटल्याचं जे व्हायचं ते होईल. पण पालकांनी एवढा धडा घ्यावा की भरलेला वॉर्ड आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही.

कसा बघायचा? सोपं आहे. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाला जा. ओपन डेला जाऊ नका. ओपीडीची रांग बघा. वॉर्डात चक्कर मारा: खाटेवर पेशंट आहे की घडी घातलेली चादर? रात्री कॅज्युअल्टीच्या बाहेर दहा मिनिटं उभे राहा. अपघाताचा पेशंट आला तर तिथेच घेतात की दुसरीकडे पाठवतात? फायनल इयरच्या मुलाला कँटीनमध्ये गाठून चार प्रश्न विचारा. तू स्वतः किती डिलिव्हरी केल्यास? टाके किती घातलेस? सर बेडसाइडला येतात की फक्त हजेरीला? डिसेक्शनला एका टेबलाभोवती किती जण उभे राहता? मग इंटर्नला पाचवा प्रश्न विचारा: स्टायपेंड हातात येतो का?

हा पाचवा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सरकारी कॉलेजात इंटर्नचं विद्यावेतन २०२४ मध्ये ११ हजारांवरून १८ हजार झालं. तेही कमीच आहे, पण मिळतं. कित्येक खासगी कॉलेजांत ते मिळतच नाही, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ज्या संस्थेनं मुलाकडून वर्षाला वीस लाख घेतले ती त्याच मुलाला रात्रपाळीचे अठरा हजार द्यायला खळखळ करत असेल तर तिथे विद्यार्थ्याला काय किंमत आहे ते कळून चुकतं.

फी विचारताना साडेचार वर्षांची पूर्ण रक्कम लेखी मागा. दरवर्षी किती टक्के वाढ? हॉस्टेल सक्तीचं का? मेस सक्तीची का? अनामत परत कधी? तोंडी उत्तर देणाऱ्याला तिथेच नमस्कार करून उठा.

मग निर्णय कसा करायचा? माझा नियम साधा आहे. दोन पर्यायांतला फरक हजारांत असेल तर हुरुपाचं ऐका. फरक पन्नास लाखांत असेल तर हप्त्याचं ऐका.

लातूरही सरकारी आणि मुंबईही सरकारी, मार्क दोन्हीला पुरतायत, मुलगा मुंबई म्हणतोय? जाऊ द्या. खर्चातला फरक राहण्या-खाण्याचा आहे. त्या शहराची गर्दी, तिथले शिक्षक, तिथल्या लायब्ररीत रात्री दोनला भेटणारी देशभरातली पोरं हे सगळं त्याला आयुष्यभर पुरेल. तिथे बापानं "लातूरला मेसचे हजार रुपये वाचतात" म्हणून अडून बसणं हा करंटेपणा आहे. सरकारी सीट आणि स्वस्त खासगी सीट यांत कर्ज न काढता खासगी परवडत असेल आणि ते कॉलेज वर सांगितलेल्या परीक्षेत खरं उतरलं असेल, तर मुलीचं मन जिथे आहे तिथे पाठवा. पण जमीन विकून, घर गहाण टाकून, भावाचं शिक्षण अडवून कोटीची सीट घ्यायची असेल तर थांबा. तिथे हुरुपानंच हुरुपाचा गळा धरलेला असतो. पहिल्या वर्षाची धमाल संपते, हप्ता पंधरा वर्षं राहतो.

परदेशाचंही असंच. स्वस्त म्हणून, विमानात बसायचं म्हणून, बर्फ बघायचा म्हणून मुलं गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधल्या मुलांना तळघरांत लपावं लागलं आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. युद्ध कुणाच्या हातात नव्हतं, मान्य. पण परत आल्यावर इथली जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात बहुसंख्य मुलं नापास होतात, हे एजंटच्या माहितीपत्रकात कुठेच नसतं. जाण्यापूर्वी ती परीक्षा पास झालेल्या दोघांशी आणि न झालेल्या दोघांशी बोला. मग तिकीट काढा.

सरकारी कॉलेजात गेलात की एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. फॉर्म भरतानाच काही घरं ती टाळण्याचा विचार करतात. मला हे पटत नाही. ग्रामीण रुग्णालयात एकट्यानं काढलेलं ते एक वर्ष डॉक्टर घडवतं. समाजानं तुमच्या शिक्षणावर पैसा घातला, त्याच्या बदल्यात एक वर्ष मागितलं. एवढं देणं फेडायला हुरूप हवा. तो नसेल तर पेशंटच्या हुरुपाची भाषा करू नये.

आता सरकारशी बोलायचं आहे, कारण सगळा भार घरांवर टाकणं अन्यायाचं आहे.

स्वस्त पर्याय हाच उत्तम पर्याय असावा, हे सरकारचं काम आहे. मुलांनी सरकारी सीट आनंदानं घ्यावी असं वाटत असेल तर हॉस्टेलच्या गळक्या छताखाली चार जणांच्या खोलीत आठ जण कोंबू नका. निवासी डॉक्टरांच्या मार्ड संघटनेला दर काही वर्षांनी हॉस्टेल आणि विद्यावेतनासाठी संपावर जावं लागतं, ही राज्याला शोभणारी गोष्ट नाही. प्राध्यापकांच्या जागा कंत्राटावर भरून नव्या कॉलेजांच्या फिती कापू नका.

आणि फीचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ च्या फेब्रुवारीत सांगितलं होतं की खासगी आणि अभिमत संस्थांतल्या निम्म्या जागांची फी त्या राज्यातल्या सरकारी कॉलेजइतकी असावी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंध्र प्रदेशातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला २४ लाखांची, आधीच्या सातपट केलेली फी बेकायदा ठरवली आणि शिक्षण हा नफ्याचा धंदा नव्हे असं बजावलं. एवढं सगळं कागदावर असताना महाराष्ट्रातल्या बापाला कोटीचं कर्ज काढावं लागतं. हा प्रश्न विधानसभेत दर अधिवेशनात विचारला गेला पाहिजे. तो विचारला जात नाही, कारण कित्येक संस्थांच्या आणि विधानसभेच्या पायऱ्या चढणारे पाय एकाच घरातले आहेत.

ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर होणार नाही त्यांनीही हा लेख आपला नाही असं समजू नये. कोटीचं कर्ज डॉक्टर स्वतःच्या खिशातून फेडत नाही. ते पेशंटकडून वसूल होतं: कट प्रॅक्टिसमधून, गरज नसलेल्या तपासण्यांतून, टाळता आलं असतं अशा सिझेरियनमधून. अनेक डॉक्टर कर्ज असूनही सचोटीनं राहतात, त्यांना माझा दंडवत. पण सचोटीची एवढी मोठी परीक्षा आपण तरुण पोरांची का घ्यायची? महाग सीट शेवटी आजारी माणसालाच महाग पडते.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक मेडिकल कॉलेजनं आपल्या दारावर आणि संकेतस्थळावर पाच आकडे लावावेत: गेल्या महिन्यात कॅज्युअल्टीत आलेले पेशंट, झालेली बाळंतपणं, प्रत्यक्ष हजर असलेले प्राध्यापक, इंटर्नच्या खात्यात जमा झालेलं विद्यावेतन आणि साडेचार वर्षांची एकूण फी. खोटे आकडे लावणाऱ्याची मान्यता काढा. प्रवेश प्रक्रियेच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावापुढेच हे पाच रकाने हवेत, म्हणजे पसंतीक्रम भरताना ते बापालाही दिसतील आणि मुलीलाही. ही प्रक्रिया राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलला हे करायला एक पावसाळासुद्धा लागणार नाही. पुढच्या वर्षीचा फॉर्म उघडण्याआधी हे झालं पाहिजे.